लख्ख घासलेला साचा

कुंताबाईची सून फार गुणाची होती, आणि हेच कुंताबाईचं दुखणं होतं. रजिता उन्हाळ्यात लग्न होऊन सिरोंच्याहून सावलीला आली, तेव्हापासून भाजी खारट झाली तरी "छान आहे, आई" आणि पाय दुखले तरी "काही नाही, आई". इतकं गोड तर पाहुणे बोलतात. आपल्या घरात माणूस कुरकुरतो, तोंड वाकडं करतो. या पोरीचा जीव अजून इथं रमलेला नाही, हे कुंताबाईला सलत होतं.

म्हणून दिवाळी तोंडावर आल्यावर तिनंच विषय काढला. "चकल्या-करंज्या मी करतो. तू तुह्या माहेरचं काईतरी कर."

रजिताचा चेहरा फुलला. तिनं पेटीतून आईनं दिलेला साचा काढला. लांब दांड्याला लोखंडी फूल. ते उकळत्या तेलात तापवायचं, तांदळाच्या पातळ पिठात काठाच्या जरा खालपर्यंत बुडवायचं आणि पुन्हा तेलात धरायचं. पिठाचं कुरकुरीत फूल आपसूक सुटून तरंगू लागतं. सिरोंच्याकडच्या तेलुगूत या फुलांना गुलाबी पुव्वुलु, म्हणजे गुलाबाची फुलं म्हणतात.

कुंताबाईनं मात्र साचा पाहिला आणि तिला राहवेना. काळाकुट्ट, तेलकट. तिची भांडी म्हणजे गल्लीत नावाजलेली. शेजारची अंजनाबाई तिच्या लोट्यात तोंड पाहून टिकली सरळ करायची. सुनेच्या माहेरच्या वस्तूचा मान राखायला नको? रजिता बाजारात गेलेली पाहून तिनं राख आणि विटेचा चुरा घेतला आणि साचा असा घासला, की लोखंडाला चांदीची कळा आली.

सकाळी साचा हातात घेऊन रजिता थबकली, मग तिनं कढई चुलीवर चढवली. पहिलं फूल साच्याला चिकटून बसलं. सुरीनं खरवडलं. दुसरंही तसंच, तिसरं करपलं.

"तेल तापलं नसंन," कुंताबाई म्हणाली.

"हो, आई."

"नाईतर पीठ घट्ट असंन."

"हो, आई."

तळ्यावरून जाळं खांद्यावर टाकून आलेल्या पत्रूनं, म्हणजे सासऱ्यानं, परातीत डोकावून विचारलं, "फूल होय का खेकडा?" रजिताची हनुवटी थरथरली.

"काल एवढा घासून देल्लो, तरी काऊन चिकटते? आण, अजून घासतो," म्हणत तिनं हात पुढं केला.

रजितानं साचा मागं ओढला.

"हात नका लावू. आईनं वर्षानुवर्षं तेल पाजलं होतं याले, म्हणून फूल सुटत होतं; तुम्ही एका दुपारी सारं काढून टाकलं. मले विचारायचं तरी होतं. उठा इथून, तिकडं बसा."

पत्रूनं जाळ्यासकट अंगणात पळ काढला. कुंताबाई निमूट उठली आणि दाखवलेल्या जागी जाऊन बसली. रजितानं साचा पुसला, तेलात कितीतरी वेळ धरून ठेवला, आणखी काही फुलं बिघडवली. शेवटी एक फूल साच्यातून अलगद सुटलं आणि तेलावर गरगरलं. बिघडलेल्या फुलांचे तुकडे खात बसलेल्या कुंताबाईची मात्र जागेवरून हलायची छाती नव्हती.

पत्रूनं दारातून हळूच विचारलं, "सून लय रागावली का वो?"

"लय," कुंताबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "चुलीपासून उठवलं न मले. राहते आता पोरगी इथी."