जंतूंचे गवंडी

गुरांतलं येसूबाईला कुणी शिकवावं, अशी औंढ्यात कुणाची टाप नव्हती. पण तिच्या चंद्रीला, पोटच्या पोरीसारख्या जपलेल्या म्हशीला, दगडी झाली. कास तापून टणक, दुधात गाठी. तळेगावहून प्रतीक्षा डॉक्टर रोज येऊन पेनिसिलीन टोचून जायच्या. ताप जरा उतरायचा, कास मात्र तशीच. असंच चाललं तर आधी सड जातील, मग म्हैस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"दुसरं काही देताय का, मावशी?"

"न्हाई वो!" येसूबाई म्हणाली.

आता हे धादांत खोटं. शेळ्यांसाठी आणलेली पिवळ्या इंजेक्शनची बाटली फडताळात होती, आणि डॉक्टरांची पाठ फिरली की येसूबाई त्यातलं टोचत होती. तिचा हिशेब सरळ होता. एका बैलापरीस दोन बैल बरे.

डॉक्टरांना काही उमगेना. ओट्यावर चहा घेताना त्या येसूबाईच्या नवऱ्याला, गोरखला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मळवलीला बंगले बांधता, म्हणून सांगते. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते. वाढायचं तर तो तीच भिंत जागोजाग फोडून नव्या विटा बसवतो. पेनिसिलीन त्या विटांचे सांधे धरू देत नाही. आतून दाब असतोच, भिंत फुटते आणि जंतू मरतो. पण काम चालू असेल तरच हं."

"आन काम बंद आसंल तर?" गोरखनं विचारलं.

"मग उभ्या भिंतीला पेनिसिलीन काय करणार? काही औषधं जंतूंना मारत नाहीत, नुसती थोपवतात. म्हणजे गवंड्यांना सुट्टीच. ते शेळ्यांचं पिवळं इंजेक्शन असतं ना, तसलं."

शेजारी बसलेल्या येसूबाईनं कपबशी खाली ठेवली. अरे कर्मा! डॉक्टरीणबाई मारायला येतायत, आणि आपण जंतूंना झोपवून ठेवतोय! गप्प बसावं तर म्हैस जाते, बोलावं तर अब्रू. ती उठली आणि बाटली आणून डॉक्टरांसमोर ठेवली.

"मीच टोचत व्हते. रोज."

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. "आता हे बंद," त्या म्हणाल्या. "ताप चढेल, चढू द्या. जंतूंना कामाला लागू द्या. पेनिसिलीन मी देतेच आहे."

ताप चढला. चंद्री कण्हत होती, आणि येसूबाई दोन्ही हात पदराखाली दाबून तिच्याशेजारी बसून होती. काही न करता बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिला रडू आलं.

पुढं पेनिसिलीन लागू पडलं. कास मऊ पडली, तीन सडांतून स्वच्छ दूध उतरलं. चौथा वाळला तो वाळलाच.

अजूनही धार काढण्याआधी येसूबाई चारही सड कोमट पाण्यानं धुते.

"त्यातनं काय येतंय आता?" गोरख एकदा म्हणाला.

"काय न्हाई," ती म्हणाली. "पर त्याचा काय गुन्हा व्हता?"