काट्यावरचा आवाज

लालसिंग पवार जिनिंगच्या वजनकाट्यावरून कापसाची बैलबंडी हलवायला तयार नव्हता. समोरच्या खांबावर नवा बोर्ड लागला होता आणि त्यात त्याच्या बंडीचं वजन लाल आकड्यांत, थेट फाटकावरून दिसेल असं झळकत होतं. मागची रांग लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या रस्त्यापर्यंत गेली होती. मॅनेजर किसनराव घसा बसेपर्यंत सांगत होते की बाबा, झालं तुझं वजन, घे पुढे. लालसिंगने कासरा मांडीखाली दाबला आणि कानावरची बिडी काढली. कापसाच्या जिनात बिडी पेटवायची सोय नाही हे आठवून त्याने ती परत कानावर ठेवली.

"बाई बोलली नाई अजून," तो म्हणाला. "बाई बोलल्याबिगर वजन झालं कसं?"

काचेआड बसलेल्या नलू मनवरला हे ऐकू आलं. तिला ओशाळल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. खरं सांगायचं तर बरंच जास्त वाटलं.

ही बोलण्याची पद्धत जुनी होती. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत बंडी घेऊन येणारा माणूस घरूनच चिडून निघायचा आणि तो राग काट्यावर निघायचा. एकदा वजनावरून अशी जुंपली की ऑफिसची काच फुटली. मग शेठनी छपरावर भोंगा बसवला आणि नलूच्या हाती माईक दिला. तेव्हापासून प्रत्येक गाडीला ती आधी म्हणायची, काट्यावरची माणसं उतरा भाऊ. कारण कोणी ना कोणी काट्याच्या पत्र्यावर उभं राहायचंच, आणि त्याचं वजन कापसात धरलं जायचं. मग ती नाव घ्यायची, गाव घ्यायची, वजन सांगायची आणि शेवटी, बंडी घ्या पुढं. एवढं ऐकलं की माणसं निमूट गाडी हाकायची. छापलेल्या चिठ्ठीवर त्यांचा भरवसा नव्हता. चारचौघांत आपलं नाव घेऊन सांगितलेलं वजन कोणी मागे घेत नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता.

नलू जिनिंगला लागली तेव्हा तिची रुपाली कडेवर होती. आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या नवऱ्याचं, भीमराजचं, शिलाईचं दुकान रेडिमेड कपड्यांनी खाल्लं होतं आणि पाटीपुऱ्यातलं घर नलूच्या पगारावर चालत होतं. त्यामुळे जुना कॉम्प्युटर बदलायचा आहे हे कानावर आलं तेव्हा ती हबकली. त्या निळ्या पडद्यावरची एकेक कळ तिला पाठ होती. नव्या पडद्याला आपण चालू की नाही, या विचाराने तिला जेवण जाईना.

शेठनीच तिला केबिनमध्ये बोलावून धीर दिला. यात इतकी वर्षं पैसा घातला, तो काही मातीत घालायचा नाही, ते म्हणाले. नवं येईल ते जुन्यावर चढेल. काम करणारी पोरगी मुस्कान, यवतमाळच्याच एका मोटार मेकॅनिकची मुलगी. तिनेही तेच सांगितलं. आतला प्रोग्राम तसाच राहणार, वजनाचा, तुटीचा, गाठींचा सगळा हिशोब तोच करणार. वरून फक्त नवी खिडकी बसवायची, म्हणजे नव्या मशीनवर तो चालेल आणि वजन काट्यावरून आपोआप आत येईल.

"आंटी, तुमचं काही म्हणजे काहीच फेकायचं नाही मला," ती म्हणाली.

नलूचा जीव भांड्यात पडला. पुढचे कित्येक दिवस ती मुस्कानच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. ओल्या कापसाची तूट कशी धरायची, एकाच तांड्यावरचे चार किसन राठोड वेगळे कसे ओळखायचे, सगळं सांगत गेली. डब्यातली तिळाची चटणीही तिला वाढत गेली. पोरगी गुणाची होती. ऐकून घ्यायची, लिहून घ्यायची आणि उद्धटपणा तर नावाला नव्हता.

आणि आज, नवं सगळं जोडून पहिल्यांदा चालवलं, तर लालसिंग अडून बसला होता. शेवटी नलूने माईक घेतला. तिने त्याचं नाव घेतलं, तांड्याचं नाव घेतलं, बोर्डावर होतं तेच वजन सांगितलं. लालसिंगने लगेच बैलांना हाकारलं. रांग सरकली आणि किसनरावांनी रुमालाने मान पुसली. मुस्कान मात्र भोंग्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बोटाएवढा रेकॉर्डर घेऊन आली.

"आंटी, तुमचा आवाज म्हणजे पण जुना प्रोग्रामच आहे. त्याच्याबिगर काटाच चालत नाही. तो पण ठेवून घेऊ," ती म्हणाली. तुम्ही कधी आजारी पडलात, कुठे लग्नाकार्याला गेलात, तर अडायला नको.

हे नलूला मनापासून पटलं. तापातसुद्धा ती कितीदा गळ्याला मफलर गुंडाळून आली होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती रुपालीच्या वाढदिवसाची जांभळी साडी नेसून गेली. आवाजाला साडी काय करायची, असं भीमराजने चिडवलं, आता तू रेडिओवरची झाली म्हणाला, आणि ती लाजली. जेवणाच्या सुट्टीत जिन बंद झालं, तेव्हा तिने एकापासून शंभरपर्यंत आकडे म्हटले. क्विंटल म्हटलं, किलो म्हटलं, बंडी घ्या पुढं म्हटलं. माणसं उतरा हे तीनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा तिला हसू आलं. नावांचं काय, असं तिने विचारलं. नावं हजारो, एवढी कशी भरणार, मुस्कान म्हणाली, त्याऐवजी टोकनचा नंबर येईल. नलूला ते जरा टोचलं. पण ती स्वतः खुर्चीवर असेल तेव्हा नावं घेणारच होती, म्हणून तिने विषय वाढवला नाही.

उन्हाळ्यात जिनिंग बंद झालं. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास किसनराव निरोप धाडायचे आणि काट्यावर नारळ फुटला की पहिलं नाव नलू पुकारायची. या वर्षी निरोप आला नाही. विसरले असतील, तिने भीमराजला सांगितलं. हंगाम सुरू झाल्याचं कळलं तशी ती डबा घेऊन आपली नेहमीच्या ऑटोने निघाली.

फाटकाशी उतरली आणि तिथेच थबकली. भोंग्यावर बाई बोलत होती. ऑटोवाल्याने पैसे मागितले तेही तिला ऐकू गेलं नाही. क्षणभर तिला वाटलं आपल्या जागी दुसरी कोणी ठेवली. मग तो आवाज म्हणाला, बंडी घ्या पुढं, आणि 'पुढं' म्हणताना तो शेवटी थोडा वर गेला. असं फक्त ती म्हणायची. इतकी वर्षं ती काचेच्या आत असायची. आपला आवाज बाहेर कसा लागतो हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

ऑफिसात तिच्या खुर्चीवर प्रिंटरचं खोकं ठेवलं होतं. किसनराव उठून उभे राहिले. तिला वाटलं ते नजर चुकवतील, पण त्यांनी चुकवली नाही. उलट ते खुशीत दिसत होते.

"बाई, तुमाले कोनी काढलं नाई," ते म्हणाले. "तुमचंच तं चालू हाय सारं. ऐका ना."

ती ऐकत राहिली. भोंगा वजन सांगत होता, एकही आकडा चुकत नव्हता. मग मी काय करू, असं तिला विचारायचं होतं. किसनरावांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मागचा राहिलेला बोनस शेठ नक्की देतील असंही सांगितलं. ती पाणी न पिताच बाहेर आली. मुस्कानचं काम संपून ती कधीच पुण्याला गेली होती. तिच्यावर रागवावं असंही नलूला वाटेना. पोरीने काही फेकलं नव्हतं. कॉम्प्युटरचा जुना डबासुद्धा कोपऱ्यात कापड घालून ठेवला होता.

काट्यावर नुकतीच एक बंडी चढली होती. गाडीवान ऑफिसच्या काळ्या काचेकडे बघून रागारागाने हातवारे करत होता. नलूने ओळखलं, लालसिंग. ती तशीच चालत त्याच्याजवळ गेली.

"मोठी झाली बाई आता," तो काचेकडे बघून म्हणत होता. "मंगाशी भावाच्या बंडीले निस्ता नंबर म्हनला. नाव नाई, गाव नाई. आमी काय केलं व तुले?"

"लालसिंगभाऊ," नलू म्हणाली.

तो वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग काचेकडे, मग भोंग्याकडे. त्याचा हात कानावरच्या बिडीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तू अठी हायस," तो म्हणाला. "मंग ते कोन बोलून राह्यलं?"

"मीच," नलू म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. मागच्या मेटॅडोरने हॉर्न दिला.

"काट्यावरची माणसं उतरा भाऊ," भोंगा म्हणाला.

नलूने खाली पाहिलं. ती काट्याच्या पत्र्यावर उभी होती. तिने पदर सावरला, डबा दुसऱ्या हातात घेतला आणि खाली उतरली. बोर्डावरचा लाल आकडा तिच्या वजनाएवढा कमी झाला आणि स्थिर झाला.