एकमुखी जबाब

पहिली खुर्ची खांद्यावर आदळली तेव्हा संशोधक बाईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. टेबलाला धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. मागच्या पडद्यावर तक्ता उजळलेला होता. नदीकाठच्या आणि टेकडीवरच्या सगळ्या घराण्यांच्या रेघा वीस पिढ्यांमागे एकाच बाईपाशी येऊन मिळत होत्या.

पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आधी बेटांवरचे उंदीर, मग माणसं. कोण कुणापासून आणि कधी फुटलं, ते रक्तातून शोधायचं. इथल्या दोन वस्त्यांचं पिढीजात वैर. गेल्या साली पुलावर तीन मुडदे पडले होते. रक्त मात्र दोन्हीकडच्यांनी हौसेनं दिलं. आपली जात निराळी, हे एकदाचं कागदावर यावं म्हणून.

"आमच्या आज्यांची अब्रू काढते!" नदीकाठचा लोहार ओरडला.

"यांची आणि आमची आई एक?" टेकडीवरचे मास्तर टेबलावर चढले. "कुणी पढवलं तुला?"

त्यांची लाथ जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज बाईंना कानाच्या आतून ऐकू आला. त्या कोसळल्या, तशी लोहारानं बखोट धरलं, मास्तरांनी पाय धरले.

"नीट धरा की मास्तर, सुटतेय!"

दोघांनी मिळून त्यांना जिन्यावरून खाली भिरकावलं.

इस्पितळात जाग आली तेव्हा जबडा तारांनी बांधलेला होता. फौजदार खाटेपाशी खुर्ची ओढून बसले होते.

"त्रेचाळीस जबाब घेतले, बाई. सगळ्यांचं एकच. तुम्ही जिन्यावर घसरलात." त्यांनी एक कागद पुढे केला. "वर हे लिहूनही दिलंय. लोहाराच्या ओट्यावर बसून मजकूर ठरवला, अक्षर मास्तरांचं. लोहाराचा पोरगा पुलावर गेला, बाई. मास्तरांचा पुतण्या त्याच खुनात अजून फरार आहे."

बाईंनी कागद हातात घेतला. नदीकाठच्या आणि टेकडीवरच्या सह्यांची पार सरमिसळ झाली होती.

"तुम्ही नुसतं 'खोटं' एवढं लिहा. एकेकाला आत घालतो."

त्यांनी खुणेनं पेन मागितलं. मग सगळ्यांच्या खाली, उरलेल्या जागेत, त्यांनी आपली सही केली. शाई फिकी उमटली होती. त्यांनी ती पुन्हा एकदा गिरवली.