एका लुगड्याच्या चौदा पिशव्या

लुगडं फाडल्याचा आवाज आला, की कोकिळाबाईंचा हात जिथे असेल तिथेच थांबतो. त्या दिवशी तो खारोड्यांवर थांबला. गच्चीवर जुनी चादर पसरलेली, तिच्यावर बाजरीच्या खारोड्या वाळत घातलेल्या, ऊन पाठीवर बसलेलं, आणि खालून आवाज आला, चर्रर्र.

त्या जिना उतरून आल्या. ओसरीत सून बसली होती, पुष्पांजली. जुनं चॉकलेटी लुगडं पायाखाली दाबून तिनं मधोमध उभं फाडलं होतं. अर्धं या अंगाला, अर्धं त्या अंगाला. आणि मांडीवर नाडीची दोन बंडलं, एक लाल, एक निळं.

"जुनंच होतं, आई," ती म्हणाली. "पिशव्या शिवतो."

"कायच्या पिशव्या?"

"सांगतो ना नंतर."

ते 'नंतर' कोकिळाबाईंच्या पायात बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. वरून दिसत नाही, पण पाऊल टेकलं की कळतं.

आता सुनेनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या तर एरवी कोणतीही सासू खूश होईल. पण कोकिळाबाईंच्या सासरी वेगळं निघायची गोष्ट तोंडानं कोणी काढत नसे. ती लुगड्यानं निघायची. पंचवीस वर्षांमागे अशाच एका वैशाखात, वाळवणं आटोपली तेव्हा त्यांच्या सासूनं, अन्नपूर्णाबाईंनी, एकच लुगडं मधोमध फाडलं आणि सारख्या मापाच्या पिशव्या शिवल्या. थोरल्या सुनेच्या पिशव्यांना लाल नाडी, धाकटीच्या पिशव्यांना निळी. दोघींत वड्या सारख्या, खारोड्या सारख्या, तूरडाळ सारखी. कोणाला उणं नको, कोणाला दुणं नको. कोणी एक शब्द बोललं नाही. आठ वर्षं एका परातीत पीठ मळलेल्या दोन जावा, सिंधूताई आणि कोकिळा, आपापल्या पिशव्या उचलून भिंतीच्या दोन बाजूंना गेल्या. त्यानंतर सिंधूताईकडून चिमूटभर मीठ आणायचं तरी दाराबाहेर उभं राहून आवाज द्यावा लागला. त्या संध्याकाळी नवी चूल फुंकताना कोकिळाबाईंच्या ओठांवर आपसूक आलं होतं:

एका गं लुगड्याच्या, पिशव्या केल्या दोन,
लाल नाडी तिची बाई, माह्या निळीले पुसे कोण.

म्हणून पुष्पांजलीच्या मांडीवर लाल आणि निळं पाहिलं, तेव्हा त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

पुष्पांजली संग्रामपूरकडची, रक्त तपासायचं शिकलेली. मेहकरला एका लॅबमध्ये तिला काम लागलं होतं. येत्या सोमवारपासून जायचं, सकाळी साडेसातच्या गाडीनं, आणि दिवेलागणीला परत. त्याला कोकिळाबाईंची हरकत नव्हती. उलट त्यांनी शेजारपाजारी सांगितलंही होतं. पण आता एकेक गोष्ट आठवू लागली. शिवम, त्यांचा एकुलता मुलगा, फोनवर कोणाशी तरी म्हणत होता, "खोली पाहतो मेहकरले, पाण्याची सोय पाह्यजे." विचारलं तर म्हणाला, एका दोस्तासाठी. पुष्पांजलीनं पेटी उघडून रुखवतातले डबे काढले, जे लग्नापासून दोन वर्षं कागदात गुंडाळून पडले होते. उन्हात ठेवले, पुसले. कांदा उभा चिरून वाळवला. मेथी वाळवली. गवार वाळवली. सुकं खोबरं भाजून कुटलं. सगळं जे संसार मांडताना लागतं ते.

आणि गोड बोलायची. हे तर फारच वाईट लक्षण.

कोकिळाबाई शेजारी नूरजहांकडे गेल्या. पिशव्या तिच्याच मशीनवर शिवल्या जात होत्या. नूरजहां आणि त्या एका वर्षी या गल्लीत नांदायला आल्या, मुलांना एकमेकींच्या अंगणात मोठं केलं. तरी आज कोकिळाबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि उगाच उन्हाची, मग दुधाची, मग तिच्या लेकीच्या, मुबीनाच्या, बाळंतपणाची चौकशी करत बसल्या. नूरजहां पायानं मशीन चालवत होती. तिच्या पुढ्यात पिशव्यांची चळत. लाल नाडीच्या सात. निळ्या नाडीच्या सहा, सातवी सुईखाली.

"सात अन् सात," कोकिळाबाई म्हणाल्या.

"हाव."

"बरोबर सारख्या."

नूरजहांनं दातानं दोरा तोडला. "मले काय माहीत, कोकिळाबाई. कपडा तिचा, नाडी तिची. मी तं फक्त शिलाई मारून राह्यली."

पण म्हणताना तिनं वर पाहिलं नाही. तेहतीस वर्षांची ओळख. नूरजहां खोटं बोलते तेव्हा वर पाहत नाही, हे कोकिळाबाईंना पाठ होतं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. म्हणजे गल्लीला माहीत होतं, आणि जिच्या घरातून दोन माणसं उठून जाणार तिलाच तेवढं माहीत नव्हतं.

त्यांनी माणिकरावांना सांगून पाहिलं. माणिकराव पेपरमधून म्हणाले, "शिवमच्या माय, तू पिशव्याइकडं कमी पाह्य, तब्येतीइकडं जास्त पाह्य."

शनिवारी पिशव्या भरल्या गेल्या. पुष्पांजली स्वयंपाकघरात बसून एकेक भरत होती, कोकिळाबाई दारातून पाहत होत्या. कोणत्या पिशवीत धपाट्याचं पीठ, तीळ-तिखट-मीठ घालून तयार. कोणत्या पिशवीत भाजलेला रवा, कढीपत्ता घालून. कोणत्या पिशवीत डाळ-तांदूळ, कोणत्या पिशवीत मूगवड्या आणि त्यांच्यासोबत कांदा-खोबऱ्याची पुडी. लाल एका रांगेत, निळ्या एका रांगेत. सात आणि सात. हात फार हलका होता पोरीचा. तो पाहून कोकिळाबाईंना कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून अधिकच राग आला.

रविवारी नवरा-बायको मोटरसायकलवर मेहकरला गेले. लॅब पाहून येतो म्हणाले. कोकिळाबाईंनी अंगणाचं दार लावलं. मग फळीवरच्या पिशव्या खाली घेतल्या आणि एकेक सोडू लागल्या.

धपाट्याचं पीठ ज्वारीच्या पिठाच्या डब्यात गेलं. डाळ-तांदूळ तांदळाच्या कोठीत. रवा रव्यात, वड्या वड्यांत, मसाल्याच्या पुड्या तिखटाच्या बरणीत. वाटायला काही वेगळं उरलंच नाही, तर कोण काय घेऊन जाईल? इतकाच विचार त्यांच्या डोक्यात होता, आणि त्या क्षणी तो फार शहाणा वाटत होता. माणिकराव पाणी प्यायला आत आले, रिकाम्या पिशव्यांकडे पाहून उभे राहिले.

"कापडाले उंदरं लागतीन," कोकिळाबाई म्हणाल्या.

माणिकराव पाणी पिऊन गेले. कोकिळाबाईंनी चौदाही पिशव्या धुतल्या. उन्हात तासाभरात वाळल्या. घड्या करून परत फळीवर ठेवल्या, लाल इकडं, निळ्या तिकडं. रात्री झोप मात्र चांगली लागली नाही.

सोमवारी साडेपाचला पुष्पांजली उठली. कोकिळाबाई आपल्या खाटेवर डोळे मिटून जाग्या होत्या. त्यांनी फळीवरून पिशवी काढल्याचं ऐकलं. मग दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांना वाटलं, आता येईल, आता विचारील. ती आली नाही. डब्याचं झाकण वाजलं, पराती वाजल्या. तिनं सासऱ्यांसाठी भाकरी थापायला घेतली, तर पिठात तीळ, पिठात तिखट. भाकरी तव्यावर पडायच्या आधीच मोडली. दुसरीही मोडली. खिचडी टाकायची तर डाळ कोणती, तांदूळ कोणता, निवडत बसावं लागलं. सकाळ तव्यावरच्या धुरासारखी निघून चालली होती. दुरून गाडीचा हॉर्न आला, गाडी स्टँडवर थांबली, आणि पुढे गेली.

शिवम अंघोळ करून आत आला. कोकिळाबाई तोवर माजघराच्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

"मी म्हणत होतो ना," तो बायकोला म्हणाला. आवाजात राग नव्हता, सुटका होती. "इथून येणं-जाणं, वरतून चौघांचं करणं, नाही होत. त्या खोलीवाल्याले आज हो सांगून टाकतो."

पुष्पांजलीनं हात पुसले. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, की आणखी कशानं, ते कोकिळाबाईंना दारातून दिसत नव्हतं.

"म्या तुमाले एक महिना मागतला होता," ती म्हणाली. "अजून एक दिवस नाही झाला."

"पण जमलं नाही ना."

"जमलं असतं. आठवडाभराच्या सात सकाळच्या बांधल्या होत्या, सात संध्याकाळच्या, एक सोडली की एका वेळचा सैपाक. लाल पाह्यली की सकाळ, निळी पाह्यली की संध्याकाळ. आईले डोकं लावायचं कामच नव्हतं. तुमीच म्हणाले, खोलीचं आईले सांगू नको, म्हणून म्या पिशव्यायचंही सांगतलं नाही. नूरजहांचाचीलेही गप्प ठेवलं. मले इथंच राहायचं होतं, अन् तुमाले जायचं होतं. सगळं एवढंच आहे."

कोकिळाबाईंनी दाराची चौकट धरली. काटा निघाला होता, पण तो निघतानाच जास्त दुखतो. जाणारी ती नव्हती. जाणारा पोटचा होता. आणि जे घर धरून ठेवायला चौदा गाठी मारल्या होत्या, त्या चौदाही त्यांनी आपल्या हातानं सोडल्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर का सोडल्या ते कोणाला कळलंही नसतं. उंदरांच्या भीतीनं रिकाम्या केल्या म्हणता आलं असतं. पण मग शिवमचा खोलीवाल्याला फोन गेला असता.

"पिशव्या म्या रिकाम्या केल्या," त्या म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं.

"काऊन?" शिवम म्हणाला.

"मले वाटलं, ती तुले घेऊन वेगळी निघून राह्यली. आमच्यात अशीच निघत. लुगडं फाडून." त्यांनी चौकट सोडली. "तू निघून राह्यला हे माह्या ध्यानातच नाही आलं बे."

शिवम खाली पाहू लागला. लहानपणी परातीतले लाडू चोरताना सापडायचा, तेव्हा असाच पाहायचा. पुष्पांजली रागावली होती, आणि तिचा राग बरोबर होता. तिनं पायात चपला घातल्या. शिवमनं मोटरसायकल काढली. ओसरीवरून माणिकरावांनी विचारलं, "जेवण?" तिला नाही सांगायलाही वेळ नव्हता.

दिवसभर कोकिळाबाईंनी सुपात डाळ-तांदूळ निवडले. पिठाचं मात्र काही होणार नव्हतं. मिसळलेलं पीठ कोणाच्या बापालाही वेगळं करता येत नाही. अख्खा डबा आता धपाट्यांचा झाला होता. दुपारी नूरजहां आली, आणि सगळं ऐकून पदर तोंडाला लावून इतकी हसली, की सूप हललं.

"चार दिवस मशीन हाकलली मी," ती म्हणाली, "अन् तू एका दोपारी खेळ खलास केला. अजब है बाई तू."

"तू मले सांगतलं काऊन नाही?"

"कसम दिली होती पोरीनं. अन् तुले सांगतलं असतं, तं तू मानलं असतं?"

कोकिळाबाईंनी सूप तिच्याकडे सरकवलं. दोघी निवडत बसल्या.

दिवेलागणीला गाडी लागली. पुष्पांजली आली, शिवम मागून आला. कोकिळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याच्याकडे न पाहता विचारलं, "खोलीवाल्याले काय सांगतलं?"

"काही नाही," शिवम म्हणाला. मग चपला काढता काढता, "महिनाभर थांब म्हटलं."

महिनाभर. म्हणजे होही नाही, नाहीही नाही. कोकिळाबाईंच्या मनात पुन्हा काहीतरी कूस पालटू लागलं. हा बायकोच्या भिडेनं म्हणाला, की खरंच थांबणार? त्यांनी त्याच्या चेहऱ्यात पाहिलं. तो चेहरा काही सांगायला तयार नव्हता. मग त्यांनी पाहणं सोडलं. आत गेल्या, निवडलेली डाळ सुपात घेऊन खाली बसल्या. थोड्या वेळानं पुष्पांजली कपडे बदलून समोर येऊन बसली.

"किती भरू, सांग," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता वाटी उचलली. "तुह्या सासऱ्याले डाळ एक वाटी लागते, त्याच्याहून कमी झाली की रात्री डबे उघडत फिरतात. शिवमले दीड. मले अर्धी बस."

निळ्या नाडीची पिशवी हातात अडकली. वाटी डाळीत तशीच राहिली. दोन वर्षं ही पोर सगळ्यांना वाढून शेवटी बसत होती, आणि तिच्या ताटाकडे कोकिळाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"अन् तू किती खातं वं?"

पुष्पांजलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्यांच्या हातातली वाटी घेतली, काठोकाठ भरली, आणि पिशवीत ओतली.