मायाक्काचा आवाज राखणारं पेव

मित्रांनो, जरा लांब बसूनच ऐका. मी एक जुनं पेव आहे. सांगोल्याकडच्या माळावर जमिनीच्या पोटात असतो. वरून पाहाल तर एका माणसापुरतं तोंड आणि त्यावर दगड. आत मात्र भरली बैलगाडी रिती होईल एवढं पोट. ‘अमक्याचं पेव फुटलं’ असं तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, पण खरं पेव पाहिलंय का कुणी? कुठलं पाहताय!

मला कठीण पांढऱ्या मातीत खणलं. आत जाळ करून भिंती भाजल्या, शेणामातीने लिंपल्या, कडब्याचा थर दिला आणि ज्वारी भरली. माझ्यातल्या ज्वारीला उबट वास यायचा. लेकरं भाकरी बघून नाकं मुरडायची, पण पाऊस रुसला की तीच भाकरी गोड लागायची. तेव्हा माझं काय कौतुक व्हायचं! पोटात घेतलेलं राखायचं आणि मागेल त्याला परत द्यायचं, एवढं एकच काम मला येतं.

पण बंद अंधारात धान्यही श्वास घेतं. चांगली हवा सगळी खाऊन टाकतं, आणि मागे जे उरतं ते दिसत नाही की ऐकू येत नाही. ते मुकाट वाट बघत बसतं. म्हणून गावाची रीत होती. दगड काढला की दिवसभर मला उघडं ठेवायचं, मग दोरीने पेटता दिवा आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरायचा.

माझ्या मालकिणीने, मायाक्काने, एकदा घाई केली. दारात पाहुणे, डब्यात पीठ नाही. तिने दगड सरकवला आणि दिवा हातात घेऊनच शिडी उतरू लागली. निम्म्यात दिवा विझला. वर तिचा लहानगा कुंडलिक ‘आये, मी बी येतो’ म्हणत माझ्या काठावरून पाय आत सोडत होता. मायाक्काने वर बघितलं आणि उरलासुरला श्वास एकवटून ती ओरडली, “तू खाली येऊ नगंस!”

वर यायला तिच्याकडे श्वास उरलाच नाही. माणसांनी तिला बाहेर काढलं, दगड बसवला, माती लोटली. तिचा आवाज मात्र कुणी काढला नाही. तो भिंती धरधरून फिरायचा आणि पुन्हा तळाशी जाऊन बसायचा.

पुढे घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या, मग मला कोण विचारतो? कित्येक वर्षांनी शहाजीरावांनी हा माळ घेतला आणि इथे ‘जुन्या काळचं गाव’ उभारलं. जातं, मोट, शेळ्यामेंढ्या, चुलीवरचं जेवण. सोलापूरच्या शाळांच्या सहली येऊ लागल्या. म्हातारा झालेला कुंडलिक मुलांना लोकर कातून दाखवायचा. माझ्या बाजूला तो कधी फिरकला नाही, आणि आईचा विषयही त्याने कुणापाशी काढला नाही. शहाजीरावांनी मलाही शोधून काढलं. उन्हाळाभर मी उघडाच होतो, त्यामुळे माणसं सुखरूप उतरली, ज्वारी भरून वर गेली. पेवाला भ्यायचं ते काय, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी दगड बसवला.

परवा सहल आली, तेव्हा गंमत म्हणून त्यांनी मुलांसमोरच तो दगड सरकवला आणि शिडी लावली. मुलांनी माझ्यात तोंड घालून आरोळ्या मारल्या. ज्याची आरोळी त्याला मी परत दिली. इतक्यात सहलीतल्या तेजश्रीच्या कडेवरून करडू उसळलं. सकाळपासून तिने ते खाली ठेवलं नव्हतं. ते थेट माझ्यात पडलं, एकदाच ओरडलं आणि गप्प झालं.

“सर, करडू पडलं!” पोरं कालवा करू लागली. नवनाथ सर गर्दीतून पुढे येईस्तोवर तेजश्री कमरेपर्यंत आत उतरली होती. मला ओरडायचं होतं हो! पण तोंड एवढं मोठं असून जीभ कुठे आहे मला? तिने खाली वाकून हाक मारली, “सोन्या, कुठायस रे? बोल ना!”

तिने मागितलं, आणि तळाशी जे होतं ते मी देऊन टाकलं.

“तू खाली येऊ नगंस!”

बाईचा आवाज. सगळा कालवा थांबला. तेजश्री पायरीवरच थिजली.

“सर, खाली कुणीतरी बाई आहे.”

सरांनी तिला दंडाला धरून वर ओढलं. “खाली कुणी नाही, बाळा. कुणी उतरलेलंच नाही.”

कुंडलिक टकळी टाकून अनवाणी धावत आला. खोपीतला कंदील त्याने पेटवला आणि दोरीने माझ्यात सोडला. कंदील विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. शहाजीरावांनी शिडी वर ओढून घेतली. “लेकराचा जीव गेला असता रे देवा!”

कुंडलिक पालथा पडला आणि माझ्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, “आये, म्या हाय, कुंडलिक. येक डाव बोल की गं!”

मी पोटातला कोपरा न् कोपरा चाचपला. देऊन टाकलेलं पुन्हा कुठून आणू? त्याचाच थकलेला आवाज त्याच्याकडे परत गेला, “बोल की गं...” तो माझ्या काठावर गाल टेकून लहान पोरासारखा रडला. तो घसरू नये म्हणून तेजश्रीने मागून त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता.

मित्रांनो, जुनं जपा म्हणताना जुन्याची रीतही जपा. माझा दगड सरकवला की थांबा. आधी दिवा सोडा, तो विझला तर माघारी फिरा. सावध करणारी एक होती, तिला मी देऊन बसलोय. आता तुम्ही हाक माराल, तेव्हा खालून फक्त तुमचाच आवाज येईल.