हद्दीपलीकडची बजावणी

नागम्मानं बेलिफाच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि विहिरीत भिरकावली. विहीर कोरडी होती. पिशवी कपारीला थटून तळाच्या खडकावर आपटल्याचा आवाज वर आला.

"उतरा आता," ती म्हणाली. "माज्या रानाचा ताबा दुसऱ्याला द्यायला आलाव न्हवं? आधी सोताच्या पिशवीचा घ्या."

बब्रुवान सरवदे जागचा हलला नाही. तालुक्याच्या कोर्टात बेलिफ झाल्यापासून लोकांनी त्याच्या अंगावर कुत्री सोडली होती, शेणपाणी फेकलं होतं. तो असल्या वेळी बोलत नसे. समोरच्याचा दम संपायची वाट बघत असे. पण या बाईचा दम संपेल असं दिसत नव्हतं.

पिशवीत ताब्याचं वॉरंट होतं. नागम्माचा धाकटा दीर मल्लिकार्जुन गावच्या सोसायटीचा चेअरमन. भावानं मरण्याआधी विहिरीसकट हे रान आपल्याला देऊन टाकलं, असा दावा त्यानं लावला. नागम्मा कोर्टात हजर झाली नाही आणि निकाल एकतर्फी झाला. आता मल्लिकार्जुन बांधावरच्या लिंबाखाली धोतराचा सोगा हातात धरून उभा होता. पंच म्हणून त्यानं दोघांना आणलं होतं. एक शेजारच्या रानातला म्हातारा गुलाब आणि दुसरा धुळाप्पा, सोसायटीत नुकताच ठेवलेला परगावचा शिपाई.

"धुळाप्पा, उतर रं खाली," मल्लिकार्जुन म्हणाला.

धुळाप्पानं पटका सोडून बांधावर ठेवला आणि तो विहिरीच्या कपारी धरत उतरू लागला.

दुष्काळात या रानाकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. नवरा गेल्यावर नागम्मानं एक उन्हाळा सडकेच्या कामावर खडी फोडून काढला. पुढच्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन ती हद्दीपलीकडं, आळंदच्या बाजूला माहेरी गेली. ती तिकडं असतानाच रानाच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामातून पाझर तलाव झाला. पाऊस पडून तलाव भरला की या विहिरीला पाणी उतरणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं. नागम्मा परवाच परत आली होती. आल्या आल्या तिनं रानातली धसकटं उपटायला घेतली होती, अर्धी धसकटं अजून तशीच होती.

"बाई," बब्रुवान शेवटी बोलला, "कोर्टानं तुमाला बोलावलं हुतं. तुमी समन्स घेतलं न्हाय. मग ते दारावर चिकटवलं, असा रिपोर्ट हाय."

"कंच्या दारावर? हितल्या दाराला तर कुलूप हुतं."

"तुमच्या माहेरच्या."

"कुनी चिकटवलं?"

"आमच्या कोंडिबानं."

कोंडिबा त्याच्याहून जुना बेलिफ. नव्यानं लागलेल्या बब्रुवानला सोबत घेऊन गावोगाव हिंडवणारा, समन्स हातात कसं द्यायचं हे शिकवणारा. त्याचा तो रिपोर्ट बब्रुवाननं कचेरीत वरवर वाचला होता. त्यात गावाचं नाव होतं, पण ते गाव कुठं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. न्यायाधीश कोकणातून आलेले. त्यांना इकडची गावं कशी ठाऊक असणार?

"माहेर कुठलं तुमचं?"

तिनं गावाचं नाव सांगितलं.

रिपोर्टातलं गाव तेच होतं. निजामाच्या राज्यात ते गाव आणि हे गाव एकाच सुभ्यात होतं, तेव्हा कोर्टाचा माणूस सरळ चालत तिकडं जाई. आता मधल्या ओढ्यापाशी राज्य संपत होतं. ओढ्याच्या पलीकडं बब्रुवान हा नुसता खाकी सदरा घातलेला वाटसरू होता. तिकडं समन्स द्यायचं तर ते तिकडच्या कोर्टाकडं पाठवायचं, आणि तिकडच्या बेलिफानं ते द्यायचं. कोंडिबाला हे माहीत नव्हतं असं होणं शक्य नव्हतं. त्यानंच तर ते बब्रुवानला शिकवलं होतं.

"कागद आला हुता का न्हाय?" त्यानं विचारलं.

"आला हुता की. खाकी कपड्यातला, उघड्या डोक्याचा मानूस, छातीवर पितळंचा बिल्ला. म्हनला, दुष्काळी कामाची नोटीस हाय, पाऊस पडल्यावर बघू. आमच्या अव्वानं, आईनं, त्याला ताक दिलं. जाताना त्यानं कागद दाराला लावला."

"कुनाकडनं वाचून घेतला न्हाय?"

"वाचनार कोन?" तिचा आवाज चढला. "सगळं गाव कानडी वाचतंय. शाळेतल्या मास्तराला दावला, तर त्यो म्हनला ही आमची लिपी न्हाय. तुमी तुमच्या लिपीत लिवनार, तिकडं नेऊन चिकटवनार, आन रान माजं जानार. ह्याला कोर्ट म्हन्त्यात व्हय?"

तिकडच्या कोर्टातून समन्स गेलं असतं तर सोबत कानडी तर्जुमा गेला असता. एवढी एक गोष्ट तिला मिळायला हवी होती आणि ती तिला मिळाली नव्हती.

विहिरीच्या काठावर पिशवी दिसली, मागून धुळाप्पाचं उघडं डोकं वर आलं. केस कपाळावर चिकटले होते. तो काठावर हात टेकून वर चढला आणि नागम्मापासून हातभर अंतरावर उभा राहिला. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं बोट केलं.

"ह्योच की त्यो."

धुळाप्पानं घाईनं पटका उचलला.

"वहिनी, उन्हात डोकं फिरलंय तुमचं," मल्लिकार्जुन लिंबाखालून म्हणाला. "कोंडिबाला घर दावायला गेला असंल त्यो. त्यात काय झालं?"

"दुसरा कुनी न्हवता. ह्यो एकटाच हुता."

बब्रुवान धुळाप्पापुढं गेला. त्यानं पिशवी घेतली नाही.

"कोंडिबा हुता का संगं?"

धुळाप्पानं चेअरमनकडं बघितलं.

"तिकडं नको बघू. बिल्ला कुनाचा हुता?"

"मला काय ठावं, साहेब? मला दिला, म्या लावला."

स्वतःच्या छातीवरचा बिल्ला बब्रुवाननं नकळत मुठीत धरला होता. या बिल्ल्यासाठी त्याच्या आईनं लोकांच्या खळ्यावर राबून त्याला शिकवलं होतं. तो लावून गावात शिरलं की ज्यांनी त्याच्या बापाला कधी चावडीची पायरी चढू दिली नाही, ते लोक उठून उभे राहत. मनातून नसेल, पण उभे राहत. आणि कोंडिबानं आपला बिल्ला असा एखाद्या खुरप्यासारखा उसना देऊन टाकला होता.

मल्लिकार्जुन जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ बब्रुवान, निकाल झालाय. समन्स कुनी दिलं आन कुठं दिलं, हे बघायचं काम तुजं न्हाय. तुजं काम ताबा द्यायचं. पंच हायत, लिव्ह आन सुट."

"माझं काम मला ठावं हाय, चेअरमनसाहेब."

"ठावं असतं तर बाईसंगं बोलत बसला नसतास. सरकारनं तुमच्या लोकास्नी नोकऱ्या दिल्या त्या आमची कामं अडवाय न्हाय. जिल्ह्याला माझा एक निरोप गेला ना, तर कुठं फेकला जाशील कळनार न्हाय."

बब्रुवाननं त्याच्याकडं एकवार बघितलं. धुळाप्पाच्या हातातून पिशवी घेऊन त्यानं वॉरंट काढलं, ते मोठ्यानं वाचलं. मग तो रानाच्या तोंडाशी, जिथून बैलगाडी आत जाई तिथं येऊन उभा राहिला.

"बाई, हे वॉरंट मला फाडता येत न्हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता मी ताबा द्यायला आत पाऊल टाकनार. मात्र कुनी अडवलं, तर मला अंगाला हात लावून ढकलायचा हुकूम न्हाय. मला माघारी जावं लागतं. जाऊन, का अडवलं ते कोर्टाला सांगावं लागतं."

"बब्रुवान," मल्लिकार्जुन म्हणाला.

नागम्माच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. या माणसाकडूनही आपली फसगत होते आहे का, हे ती शोधत होती. बब्रुवाननं पाऊल उचललं. ती तीन ढांगांत पुढं आली आणि तिनं दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवून त्याला मागं लोटलं. खडी फोडलेले हात होते ते. तो गाडीवाटेच्या चाकोरीत भेलकांडला, सावरला, आणि तिथंच उकिडवा बसून त्यानं गुडघ्यावर कागद ठेवला.

तो बराच वेळ लिहीत होता. मल्लिकार्जुन काय काय बोलला ते ऐकूनही त्यानं मान वर केली नाही. धुळाप्पा सही न करताच बांधाच्या पलीकडं निघून गेला. म्हातारा गुलाब मात्र जवळ येऊन बसला. "म्या बघितलंय, ऐकलंय," म्हणाला. शाई लावायला त्यानं अंगठा पुढं केला.

"थांबा," नागम्मा म्हणाली. "आधी वाचा. मागच्या कागदाला वाचनारं कुनी न्हवतं."

बब्रुवाननं वाचलं. समन्स हद्दीबाहेर गेलेलं, बिल्ला लावलेला परका माणूस, कोंडिबाचं नाव. उद्या सकाळी त्याला कोंडिबाच्याच शेजारच्या स्टुलावर बसायचं होतं. मग शेवटची ओळ आली. "सबब, सदर बाई वाटेत आडवी पडून तिने हरकत घेतल्याने ताबा देता आला नाही."

"काय पडून?"

"आडवी पडून. आमच्या कचेरीत असंच लिहायची रीत हाय, बाई."

"म्या पडले न्हाय," नागम्मा म्हणाली. अजून ती त्याच जागी होती, हात कमरेवर, ऊन थेट तोंडावर. "म्या उभी हाय. तसं लिवा."

बब्रुवाननं शब्दांवर रेघ मारली. वर लिहिलं, उभी राहून. बाजूला आपली सही केली आणि कागद गुलाबपुढं धरला.