गाड्यांची टॉकीज

बंद पडलेल्या टॉकीजांचे मालक कोण होते आणि पुढं त्यांचं काय झालं, हे शोधायचं काम ज्योती खिल्लारेनं हाती घेतलं, तेव्हा कॉलेजातल्या लोकांना तो रिकामा उद्योग वाटला. ती हिंगोलीत इतिहास शिकवायची. रविवार आला की जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावोगाव हिंडायची. तंबू टाकून पिक्चर दाखवणारे एकेक सापडत गेले. कुणी पिठाची गिरणी टाकली होती, कुणी वारले होते. राहिली होती फक्त गोरेगावजवळची टॉकीज. तिच्याबद्दल ज्योतीची आई लक्ष्मीबाई सांगायची, "तू मांडीवर व्हतीस तवा साखऱ्याहून बैलगाडीत जायचो. गाडीतच बसून पिक्चर बघायचा, खाली उतरायचंच न्हाई." ज्योतीला हे कधी खरं वाटलं नव्हतं.

२००५च्या जानेवारीत ती गोरेगावात उतरली आणि स्टँडजवळच्या हॉटेलात चौकशी केली. हॉटेलवाले किसनराव चहा गाळत म्हणाले, "गाड्यांची टॉकीज व्हय? नांदेडच्या कुन्या सेठची व्हती. मोहनसिंग मशीन चालवायचा, तिकिटंबी तोच फाडायचा. तो गेला."

"सेठचं नाव?"

"नाव कोनाला ठाव? तांड्यावरची रूपाबाई कसून राहिली आता ते रान. तिला इचारा."

तांड्याच्या वाटेला लागल्यावर थोड्याच वेळात भिंत दिसली. हरभऱ्याच्या शेताच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, नुसती एक भिंत. ना घर, ना छप्पर. दोन मजली घराएवढी उंच, दगडामातीची, आणि चुना पोपडे धरून गळालेला. ज्योती वाटेतच थांबली. एवढं काही उघड्या रानात उभं असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

रूपाबाई शेतातच होती. सत्तरीची, अंगावर आरशांची जुनी काचोळी, हातात खुरपं. तिचा मुलगा दीपक बैलांना पाणी पाजत होता.

"मावशी, ही टॉकीज नांदेडच्या सेठची होती ना?" ज्योतीनं विचारलं.

म्हातारीनं खुरप्याची माती झटकली. मग म्हणाली, "कोन सेठ? माझी व्हती."

ज्योती बांधावर बसली. रूपाबाई सांगू लागली. तिचा नवरा थावरा भाड्यानं गाडी हाकायचा. एकदा कळमनुरीच्या बाजारात त्यानं तिला तंबूतला पिक्चर दाखवायला नेलं. आत पुरुषांची रेटारेटी, कडेवर लेकरू. ती अर्ध्यातच बाहेर आली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली. तंबूची कनात नेमकी गाडीसमोर फाटली होती. गवतावर लेकरू निजवून तिनं उरलेला पिक्चर त्या भोकातून बघितला.

"तवाच म्हनलं, समद्याइनं असंच बसून बघावं. आपली गाडी, आपलं गवत, आपलं लेकरू. कोनी कोनाला सरक म्हनायचं न्हाई."

"आणि थावराभाऊ काय म्हणाले?"

"हासला. मंग पडद्याच्या भिंतीसाठी दगडं फोडाया लागला."

परवानगीचे कागद मोहनसिंगानं केले, कारण त्याला लिहिता यायचं. कागदावर त्याचं नाव, पण तो कागद लोकांनी बघितलेला नाही, आणि मालक बाई असेल असं कुणाला वाटलं नाही, म्हणून त्यांनी नांदेडचा कुणीतरी सेठ धरला. पिक्चरच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. दिवस मावळला की चहूकडून गाड्या निघायच्या.

"माझी आईही गाडीतून यायची इथं. कुणी कुठं बसायचं?" ज्योतीनं विचारलं. आईच्या तोंडून तिनं गावात जातीप्रमाणे ठरलेल्या बसण्याच्या जागांबद्दल बरंच ऐकलं होतं.

"जो आधी येईल तो म्होरं. पाटलाची गाडी मागं उभी राह्यलेली मी बघितली. तुझ्या मायची म्होरं असंल."

ज्योतीनं ते वाक्य आहे तसं टिपून घेतलं.

"पण मावशी, बैल सोडले की गाडी पुढं जूवर झुकते. लोक घसरत नव्हते?"

रूपाबाईनं खुरपं खाली ठेवलं आणि दीपकला हाक मारली. त्यानं बैल सोडून रिकामी गाडी हातानं ओढत शेतात आणली, भिंतीकडं तोंड करून. हरभऱ्यात एक बुटका बांध होता. त्यावर त्यानं जू टेकवलं. गाडी झुकली नाही. उलट किंचित मागं रेलली.

"बस वर," रूपाबाई म्हणाली.

ज्योती चढली, पाठ टेकली. मान न उचलता अख्खी भिंत तिच्या डोळ्यांत आली, खालपासून वरपर्यंत.

"आता मागं बघ."

ऊन कलतं झालं होतं. त्या तिरप्या उन्हात हरभऱ्याखालची जमीन उठून दिसली. बांधामागं बांध, प्रत्येक आधीच्याहून थोडा उंच, आणि सगळे धनुष्यासारखे भिंतीकडं वळलेले. पार वरच्या वाटेपर्यंत. मघापासून ती त्यांच्यावरूनच चालत होती, आणि तिला कळलं नव्हतं.

"हे कुणी आखलं?"

"बहात्तरच्या दुष्काळात आमी बाया कामावर बांधच टाकत व्हतो. पानी आडवायचं तेच. इथं गाड्या आडवल्या." ती गाडीच्या चाकाला टेकली. "पडद्यावर कोनी मरू लागलं की समदं रान गप. बैलाच्या घंट्याबी वाजंनात. मी दर खेपंला म्हनायची, हे आपन केलं?"

मग गावोगाव टीव्ही आले, डिश आली. त्र्याण्णव साली एका संध्याकाळी तीनच गाड्या आल्या. थावरानं तरीही पिक्चर पुरा दाखवायला लावला. दुसऱ्या दिवसापासून मशीन लागलं नाही, आणि दोन वर्षांनी थावराही वारला. दीपकला रान सपाट करायचं होतं, पण आईनं बांधांवर नांगर येऊ दिला नाही. बांधांमुळं पाणी मुरतं, हरभरा चांगला येतो, हे आता तोच सांगत होता.

"तू हे छापनार?" रूपाबाईनं विचारलं.

"हो."

"मंग बराबर लिव. रूपाबाई थावरा राठोड. मोहनसिंगाचं मशीन, थावराची भिंत, रान माझं."

ज्योतीनं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. मग फोटोसाठी भिंतीपुढं उभं राहायला सांगितलं. रूपाबाईनं मान हलवली.

"तिथं काहून? तिथून लोकं आन् पडदा संगट दिसत न्हाईत."

ती हरभरा तुडवणार नाही अशा बेतानं चालत पार मागच्या, सगळ्यांत उंच बांधावर जाऊन उभी राहिली. प्रत्येक खेळाला तिची जागा तीच असायची. ज्योती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कॅमेऱ्यात म्हातारी बोटाएवढी दिसत होती, आणि तिच्यापासून खाली ते सगळे बांध एकामागून एक उतरत आले होते. आपली आई यातल्या कुठल्या बांधावर बसली असेल, हे शोधत ज्योतीनं बराच वेळ बटण दाबलंच नाही.